बुडीपलीकडचं दालन

१२ मार्च

हिरवं पाणी आलं!

सकाळी एका बाईंच्या दाढेत खोल शिरले होते, तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "अगं, डोह हिरवा झालाय. पार पोपटी. बदकं बावचळलीयेत." बाईंना म्हटलं, तोंड उघडंच ठेवा, आणि बाहेर जाऊन जिन्यात एक उडी मारली. पन्नाशी उलटल्यावर जेवढी मारता येते तेवढी.

डोंगराच्या एका अंगाला ओढा गुहेच्या तोंडात शिरतो आणि गडप होतो. दुसऱ्या अंगाला डोहात पाणी वर येतं. ते पाणी एकच, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले आणि ऐकणारे मान डोलावून विषय बदलत आले. मागच्या आठवड्यात ओढ्यात निरुपद्रवी हिरवा रंग सोडला आणि नवऱ्याला डोहावर बसवलं. आता बोला!

खरी गंमत पुढेच आहे. अंतर बघता रंग दुसऱ्या दिवशी यायला हवा होता. आठवडा लागला. म्हणजे पाणी आत कुठेतरी मुक्काम करतं. म्हणजे आत तळं आहे. आणि तळं आहे तर ते मावेल एवढं दालनही आहे. ते आजवर कोणीही पाहिलेलं नाही.

ते मी पाहणार. दवाखान्याला दोन महिने कुलूप. नवरा म्हणाला, "दोन?" मग म्हणाला, "बरं, मग गरम कपडे काढतो." त्याला उत्साह जरा उशिराच येतो.

२१ मार्च

डोंगराच्या पायथ्याच्या गावात लॉन्ड्रीच्या वरची खोली भाड्याने घेतली. खाली दिवसभर इस्त्रीची वाफ, त्यामुळे आमचे ओले दोर फुकटात वाळतात. पलंगाखाली दोर, पलंगावर हेल्मेटं, खिडकीत रबरी पोशाख उलटे टांगलेले. खालून पाहिलं तर दोघांनी फास घेतल्यासारखं दिसतं, असं धाकटी म्हणते.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. पोहायला शिकवते, गळ्यात कायम शिट्टी, आणि तोंड त्याहून जोरात वाजतं. पाण्यात तिच्याइतकं शांत माणूस मी पाहिलेलं नाही. जमिनीवर मात्र सतत शंका. "ताई, हे केलंत का, ताई, ते पाहिलंत का." मी म्हटलं, "तू शंका काढ, मी निर्णय घेते, असं वाटून घेऊ." ती हसली नाही.

नवरा वर थांबणार. गुहेत जाईल तिथवर तारेचा फोन ओढत नेणार आहोत. दुसऱ्या टोकाला तो, खुर्ची आणि थर्मास.

लॉन्ड्रीवाली बोलघेवडी आहे. म्हणे काही वर्षांपूर्वी एक मुलगी त्या गुहेत एकटीच गेली ती परत आलीच नाही. पोलीस आले, पाणबुडे आले, शेवटी सगळे गेले. "तिचे वडील अजून येतात हो," म्हणाली. प्रत्येक गुहेला अशी एक कथा असतेच. मी तिला विचारलं, पोशाख इस्त्रीजवळ टांगले तर रबर वितळेल का?

२९ मार्च

अडलोय. मोठ्या दगडांची रास छतापर्यंत भिडलीय. खालून पाण्याचा आवाज येतो, पण शिरायला वाट नाही. दगडांवर पालथी पडून हात घालून पाहिलं, पहारीने डिवचलं. दाढ असती तर केव्हाच उपटली असती.

धाकटी म्हणाली, "नाही झालं तर नाही झालं." कसला धीर देते ही बाई!

२ एप्रिल

आज गुहेत माणूस भेटला. दगडांच्या राशीपाशी पोचलो तर उजेड. एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ दिवा मांडीवर घेऊन बसलेले. जुनं पण चांगलं सामान. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या." जणू त्यांच्या दिवाणखान्यातच आलो होतो.

निवृत्त न्यायाधीश आहेत. आम्ही त्यांना जजसाहेबच म्हणायला लागलो. बरीच वर्षं या गुहेत येतात. म्हटलं, "एकटे?" म्हणाले, "सोबत यायला कोणाला वेळ असतो?" मी हिरव्या रंगाचं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "दालन असेल तर त्यात कोरडी जागा असेल?"

"असणारच."

"हवा?"

"भरपूर."

त्यांनी दिवा राशीच्या कडेला वळवला. मग म्हणाले, "या राशीला वळसा घालून वाट आहे. दाखवतो. पण तिच्या टोकाला जे आहे ते मला एकट्याला ओलांडता आलेलं नाही. मला बरोबर न्यावं लागेल."

मी तिथेच हात पुढे केला. आपल्यासारखं वेड असलेलं माणूस या वयात भेटणं हे भाग्यच.

५ एप्रिल

जजसाहेबांची वाट म्हणजे भिंतीतली एक फट. वरवर बघता उंदीरही जाणार नाही असं वाटतं. कुशीवर वळून सरपटत गेलं की माणूस पलीकडे निघतो. पलीकडे भुयार, आणि भुयाराच्या शेवटी छत खाली येत येत पाण्यात बुडतं. इथून पुढे जायचं तर पाण्याखालून. आम्ही त्या जागेचं नाव 'बुडी' ठेवलं.

धाकटीने पाण्यात डोकं घातलं, दिव्याने पाहिलं, वर आली. "उन्हाळ्याने पाणी उतरतंय. अजून थोडं उतरलं तर एका श्वासात होईल. दोर बांधून."

मी आनंदाने ओरडले. प्रतिध्वनी आला नाही, भुयारं आवाज गिळतात.

जजसाहेब चांगले सोबती आहेत. कुरकुर नाही, बढाई नाही. छताची शोभा मात्र त्यांना दिसतच नाही. पांढरंशुभ्र दगडी झुंबर दाखवलं तर "हो का" म्हणाले आणि पुन्हा जमीन पाहायला लागले. पाय घसरेल म्हणून जपत असणार. प्रत्येक कोनाड्यात वाकून दिवा फिरवतात. शिस्तबद्ध शोध यालाच म्हणतात. धाकटीला म्हटलं, शीक काहीतरी.

ती म्हणाली, "ताई, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"काही नाही."

९ एप्रिल

आता कळलं. धाकटीने आज खोलीत दार लावून सांगितलं. हरवलेली मुलगी जजसाहेबांची. लॉन्ड्रीवालीने धाकटीला सगळं सांगितलं होतं, मला म्हणे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

राग आला. सरळ त्यांच्या खोलीवर गेले. एक पलंग, एक टेबल, टेबलावर फोटो नाही की काही नाही. मी उभ्यानेच विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर नेलं असतं मला?"

"नसतं."

"म्हणून."

वकिलांसमोर आयुष्य काढलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी बसले. त्यांनी चहा केला. मग स्वतःच बोलले. मुलगी तेवीस वर्षांची. तिलाही तुमच्यासारखंच पाणी कुठे जातं याचं वेड, म्हणाले. पाणबुडे आले तेव्हा बुडी तुडुंब भरली होती, गढूळ होती, पलीकडे काही आहे याची कोणाला खात्री नव्हती. शोध थांबवण्याच्या कागदावर त्यांची सही हवी होती. त्यांनी केली नाही. शोध तसाही थांबला.

"ती जिवंत नाही हे मला माहीत आहे, डॉक्टरबाई. मी वेडा नाही. पण ती कुठे आहे हे मला माहीत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

मी म्हटलं, विचार करून सांगते. पण विचार झालेला होता. त्यांना पोहता येतं, तब्येत ठणठणीत, फटीतून माझ्याआधी जातात. आणि वाट त्यांनीच दाखवली. न नेणं अन्याय होईल.

धाकटी म्हणते, "आणि ते बरोबर असले की आपल्यालाही मागे फिरणं जड जाईल, त्याचं काय?" मागे कोण फिरतंय?

१७ एप्रिल

पाणी उतरलं. उद्या सकाळी जायचं.

नवरा म्हणतो, वरच्या डोंगरावर ढग आहेत. ढग मीही पाहिले. पांढरे, कापसासारखे, या दिवसांत रोज येतात आणि जातात. दोन-तीन तासांचं काम. आत जाणार, पाहणार, मापं घेणार, बाहेर. दालनाला काय नाव द्यायचं ते ठरत नाहीये.

नवऱ्याने आज माझ्या बुटांच्या नाड्या स्वतः तपासल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी नाडीला हात लावला नव्हता.

२१ एप्रिल

हात सुजलेत, अक्षर वाईट येतंय, पण आजच लिहायचं आहे.

अठराला सकाळी बुडी मारली. आधी धाकटी दोर घेऊन गेली. दोराला तीन झटके आले आणि मी श्वास भरला. डोळ्यांपुढे तपकिरी काळोख, पाठीला छत घासतंय, हातात दोर. आणि डोकं वर आलं ते हवेत. मागोमाग जजसाहेब आले, खोकत.

दिवे वर केले. छत दिसेना.

ते दालन कसं होतं ते लिहिता येत नाही. नाटकगृहं तीन-चार एकात एक बसवली तर कदाचित. मधोमध तळं, हलत नव्हतं, काचेसारखं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. "पहिल्यांदा," मी म्हटलं. "माणसाची नजर पहिल्यांदा पडतेय यावर."

"नाही," जजसाहेब म्हणाले.

त्यांच्या दिव्याच्या झोतात भिंत होती आणि भिंतीवर चिखलाने काढलेला बाण. शेजारी पाच बोटं उमटलेली, लहान हाताची.

जजसाहेबांनी आपला हात त्या हाताजवळ नेला, पण टेकवला नाही. पुसलं जाईल म्हणून.

खरं लिहायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं: म्हणजे मी दुसरी. दुसऱ्याच क्षणी लाज वाटली.

बाण तळ्याच्या कडेने पुढे, दगडांच्या चढणीकडे होता. "ती पुढे शोधत गेली," मी म्हटलं. जजसाहेब चालायलाही लागले. तेवढ्यात धाकटीने शिट्टी वाजवली. बुडीच्या तोंडाशी उभी होती. पाण्यावर फेस आला होता, आणि काटक्या. हिरव्या पानांच्या काटक्या.

"वर पाऊस पडलाय," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता निघायचं."

जजसाहेब म्हणाले, "तुम्ही जा."

"तुम्ही?"

"मी ती कुठे आहे ते बघून येतो."

मी त्यांना समजवायला लागले. डॉक्टर म्हणून, मोहिमेची प्रमुख म्हणून, सगळी शस्त्रं काढली. ते ऐकत होते, पण त्यांचे डोळे चढणीवर. शेवटी धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. "काका, तुम्ही इथे राहिलात तर तुम्हाला शोधायला ताई परत येतील. मी ओळखते त्यांना. मग ताईंना शोधायला माझे भावोजी येतील. त्यांना तर पोहताही येत नाही."

जजसाहेबांनी डोळे मिटले. मग फिरले आणि आमच्याबरोबर बुडीकडे आले. तो माणूस तिथून कसा फिरला हे मला अजून कळलेलं नाही.

पण उशीर झाला होता. धाकटी दोर धरून पाण्यात उतरली आणि लगेच वर फेकली गेली. प्रवाह समोरून, हात सुटतील असा. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग बसली आणि म्हणाली, "बंद."

मला भीती वाटली. दोन-तीन तासांचं खाणं होतं, दिवे होते, पण पाणी तळ्यातही चढत होतं. मी पंधरा मिनिटं योजनांवर योजना बोलत होते आणि एकही खरी नव्हती. धाकटी भिंतीकडे बघत होती.

"ताई, आपण बाण कसे काढतो?"

"कसे म्हणजे?"

"कुठल्या दिशेने?"

बाहेरच्या. बाण काढतात ते परतीची वाट चुकू नये म्हणून, टोक बाहेर जायच्या बाजूला. मला हे पहिल्या मोहिमेपासून माहीत आहे, तरी मी त्या बाणाकडे बघून 'पुढे' म्हटलं होतं, कारण मला पुढे जायचं होतं.

मुलगीही आमच्यासारखीच अडकली होती. बुडी तिच्यामागे भरली. मग तिने दुसरी वाट शोधली आणि चुकत, फिरत, पुन्हा सुरुवातीला येत, जी बरोबर निघाली तिच्यावर बाण काढले.

आम्ही बाणांमागून चढलो. एका ठिकाणी दोन भुयारं होती, एकावर चिखलाची फुली. दुसऱ्यात शिरलो. सरपटत, कधी एकमेकांच्या खांद्यांवर चढून. जजसाहेब सगळ्यांत पुढे. प्रत्येक बाणापाशी क्षणभर थांबत आणि म्हणत, "शाब्बास." आम्हाला नव्हे.

शेवटचा बाण एका उभ्या धुराड्यासारख्या भोकाखाली होता. वरून गार हवा येत होती आणि अगदी बारीक, राखाडी उजेड. भोकाच्या तळाशी ती होती.

भिंतीला टेकून, पिशवी पाठीशी. हाडं आणि कपडे. एका मांडीचं हाड मोडलेलं, सरळ दिसत होतं. वर चढताना पडली असणार.

जजसाहेब गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "समोरचा वरचा दात. डावीकडचा. सायकलवरून पडली होती, कोपरा तुटला होता. बघाल का?"

आयुष्यभर मी लोकांचे दात पाहिले. दिवा जवळ नेला, वाकले. "हो," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग अंगावरचं ओलं जाकीट काढून तिच्यावर घातलं आणि बाजूला सरकून बसले, आम्हाला चढायला जागा करून.

भोक वरती दगडमातीने इतकं बुजलं होतं की फक्त मनगट बाहेर निघालं असतं. धाकटी तिथवर चढली आणि शिट्टी वाजवायला लागली. ती दमली की मी, मी दमले की जजसाहेब. ते खूप वेळ वाजवत. त्यांच्याकडून घ्यावी लागायची.

नवऱ्याला मदतपथकाने गुहेच्या तोंडाशी बसून राहायला सांगितलं होतं. तो बसला नाही. आपल्याला दुसरं काही येत नाही म्हणून पावसात डोंगरभर चालत, हाका मारत फिरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जमिनीतून शिट्टी ऐकू आली. पथक येईपर्यंत त्याने नखांनी उकरायला सुरुवात केली होती. माझा हात पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा त्याने तो धरला आणि सोडेचना. शेवटी मला ओरडावं लागलं, "अरे, सोड, त्याशिवाय मी वर कशी येऊ?"

त्याच्या हातांना पट्ट्या आहेत. माझ्याही. जेवताना दोघांना धाकटी भरवते आणि बोलून घेते.

२६ एप्रिल

मुलीला परवा बाहेर काढलं. आज अंत्यविधी झाला. माणसं थोडी होती. लॉन्ड्रीवाली दुकान बंद करून आली.

नंतर जजसाहेब आणि मी त्यांच्या खोलीवर बसलो. ते म्हणाले, "एक विचारायचं आहे. डॉक्टर म्हणून."

मला प्रश्न माहीत होता. उत्तरही तयार ठेवलं होतं. "पडल्यावर शुद्ध गेली असेल," मी म्हटलं. "काही कळलं नसेल तिला." माझा आवाज अशा वेळी फार चांगला लागतो. खुर्चीतल्या माणसाला मी रोज सांगते, दुखणार नाही.

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही.

"बूट काढून ठेवले होते तिने," म्हणाले. "शेजारी. मोजे आत खोचलेले. तुम्हीही पाहिलंत."

मी हातांवरच्या पट्ट्यांकडे बघत बसले.

"घरी कधी नीट ठेवले नाहीत. दारात एक इकडे, एक तिकडे. मी त्यावरून किती बोलायचो." त्यांचा ओठ हलला, हसू होतं की काय. "झोपायची तयारी केली होती तिने. सकाळी उठून पुन्हा चढणार होती. मोडक्या पायाने. तिला वाटत होतं जमेल."

"जमलं असतं," मी म्हटलं. "भोक बुजलेलं नसतं तर. वाट बरोबर होती तिची."

हे मात्र मी समजूत घालायला बोलले नव्हते. त्यांना ते कळलं. उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून, पाणी उकळून गेलं तरी, तसेच उभे राहिले.

४ मे

दवाखाना उघडायला अजून आठवडा आहे. नकाशा काढायला बसलोय. मापं धाकटी वाचते, रेघा मी ओढते, जजसाहेब तपासतात आणि चूक निघाली की पुन्हा मोजायला लावतात. भयंकर माणूस आहे. भोक रुंद करून तिथे लोखंडी शिडी बसवली, त्यामुळे दालनात आता पावसाळ्यातही जाता येईल.

नावांचा प्रश्न सोपा निघाला. बाण काढलेली सगळी वाट तिच्या नावाने. दालनही तिचंच, तिथे आधी ती पोचली. मी जजसाहेबांना विचारलं, नकाशाखाली शोधणाऱ्यांची नावं कशी लिहायची? त्यांनी पेन घेतलं, तिचं नाव पहिलं लिहिलं, मग माझं, मग धाकटीचं.

"तुमचं?"

"मी कुठे काय शोधलं," म्हणाले.

धाकटीने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि त्यांचं नाव मुलीच्या नावाशेजारी लिहिलं. शाई वाळेपर्यंत कोणालाही कागदाला हात लावू दिला नाही.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला एक कमान आहे, पाणी तिच्यातून पुढे जातं. उद्या चौघं जाणार आहोत. नवरासुद्धा. तो म्हणतो, वर बसणं त्याहून अवघड आहे.